जाऊबाईंच्या फोटोवरचे फुगे
सुनेच्या लॅपटॉपवर माझा फोटो होता, त्याला चंदनाचा हार होता आणि खाली नावाआधी कै. लिहिलेलं होतं. मी थेरगावच्या घरात तिच्या मागे चहाचे कप घेऊन जिवंत उभी होते. सून घरूनच ऑनलाइन फोटोफ्रेम विकायची. गिऱ्हाइकानं फोटो आणि नाव टाकून वाढदिवस, लग्न किंवा श्रद्धांजली निवडलं की फ्रेम तशी दिसायची. त्यासाठी दोन सॉफ्टवेअरपैकी एक घ्यायचं होतं, म्हणून ती माझा फोटो टाकून बघत होती. "आई, मी वाढदिवसच निवडलाय," ती म्हणाली. परत केलं, परत हार. मी म्हटलं, "मेल्याला घाई झाली हाय." शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाई हसल्या. "अगं, जित्या माणसाचं मरण दिसलं की आयुष्य वाढतंय. माझा बी टाक, श्रद्धांजलीच दाब." सुनेनं नको नको म्हणत दाबलं, तर वाढदिवसाचे फुगे आले. पुन्हा पुन्हा दाबलं, तरी फुगेच. जाऊबाईंचा चेहरा उतरला. "मला न्हाई व्हय हार?" म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून उठल्या. सुनेनं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. दिवाळीच्या आत जाऊबाई गेल्या. त्यांची फ्रेम त्या दुसऱ्यावर केली, तिथं हार पहिल्याच वेळी आला. आज ती फ्रेम पुसताना वर घातलेल्या खऱ्या हाराचा चंदनाचा वास हाताला लागला. आम्हा दोघींपैकी मी उरले आहे.