पोटावरचा डाग

आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तरी भालकीकडच्या आमच्या गावात शाळा मराठीच राहिली. तिसरीचा वर्ग माझ्याकडं होता. पोराला शाळेत घालताना बाप म्हणायचा, "गुरुजी, चमडी तुमची, हाडं आमची." मी ते अक्षरशः खरं मानलं. निर्गुडीची छडी पोरंच तोडून आणायची आणि त्यांच्याच हातावर ती वाजायची. माझ्या वर्गात पोरं खोकायलासुद्धा भ्यायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल चांगला शेरा लिहिला होता. काय माझा तोरा होता!

त्या वर्षी माझी लेक माझ्याच वर्गात आली. तिच्यावर मी एकदाही हात उगारला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याची फुशारकी मी फार दिवस मारली.

दिवाळीनंतर रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. भाकरी ताटात तशीच राहायची. दप्तर उचललं की उलटी. रविवारी मात्र पोरगी गल्लीभर उड्या मारायची. मी म्हणालो, "सोंग करायलीय."

बायको म्हणाली, "सोंगाला घाम कामून सुटायलाय?"

बाई शहाणी होती, पण ऐकतो कोण!

ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी शेजारची म्हातारी अक्का म्हणाली, "डाग द्या, पोट जाग्यावर येतंय." आमच्याकडं पोटदुखीवर लेकराला बेंबीजवळ तापल्या सुईनं डाग द्यायचे. मी शिकलेला माणूस, मास्तर, तरी लेकीचे पाय मीच धरले. ती एकदाच किंचाळली. अजून आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

चार दिवस ती घरी राहिली. पोट दुखलं नाही, भाकरी मागून खाल्ली. अक्का तर गावभर मिरवली. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "चल, दप्तर घे." पोरगी उठली, माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि आपणहून झगा वर केला.

"अप्पा, अजून एक डाग द्या. पण तुमच्या वर्गात न्हाई येणार मी."

मी तिचा झगा खाली केला. "कामून गं? मी तुला कधी मारलंय का?"

"न्हाई. सगळ्यांना मारताव, मलाच न्हाई. मग माझा नंबर कवा हाय? रोज वाटतंय, आज हाय."

अरे देवा! मला वाटत होतं, मी हिला सोडलंय. आणि हे लेकरू पहिल्या दिवसापासून माझ्या छडीची वाट बघत बसलं होतं! वर्गातल्या बाकीच्या लेकरांचं काय होत असेल, हा विचार तर मला तोवर शिवलाच नव्हता. थू माझ्या मास्तरकीवर!

रोज शाळेत न्यायची ती कोपऱ्यातली छडी मी तिच्यासमोर मोडली आणि चुलीत घातली. "संपलं बघ. आता कुणाचाच नंबर न्हाई." ती छडी जळेपर्यंत बघत राहिली.

मग डागावर लावायला वाटीत खोबरेल घेऊन मी तिच्याजवळ बसलो. तेलाची बोटं तिच्याकडं नेली मात्र, लेकरानं डोळे गच्च मिटले आणि तळहात सरळ पुढं केला. वर्गात पोरांना मी छडीसाठी धरायला शिकवला होता, अगदी तसा.