डावीकडचा आवाज

बजाजनगरच्या कडुबा खरातांना होम थिएटर बसवायला बोलावलं, की पहिला अर्धा तास घरच्यांची फुकट करमणूक. घरातलं मुख्य माणूस सोफ्यावर जिथं बसतं, तिथं ते सबवूफर ठेवतात, त्याला धमधम वाजायला लावतात आणि स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी भिंतीकडेनं चक्क रांगतात. रांगता रांगता जिथं धमक स्वच्छ ऐकू येईल, घुमणार नाही की दबणार नाही, तीच सबवूफरची जागा. पोरं हसून लोळतात. कडुबा हसत नाहीत. अशा वेळी खुद्द कलेक्टर दारात आला, तरी ते त्याला थांबा म्हणतील.

चोवीस वर्षं त्यांनी वाळूजच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर काढली. ते धाडधाड आदळणारं मशीन डाव्या हाताला असायचं. सुट्टीला जयंतीच्या मिरवणुकीचे स्पीकर जोडता जोडता हा नाद लागला आणि कंपनी सुटल्यावर त्याच नादावर पोट चाललं. आता मोबाइलमध्ये आवाज मोजायची सोय आहे, पण कडुबांना तिचं वावडं. सगळे स्पीकर सारखे करायचे ते कानानंच.

बायको रत्नमालाबाई नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला मुलाकडं गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. मुलगा बुद्धभूषण कडुबांनाही बोलावतो. हे जात नाहीत. इथं त्यांच्या कानाला नाव आहे. तिथं ते नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणारे आजोबा. म्हणून एकटेच राहतात, एकटेच जेवतात आणि घरात आले की आधी टीव्ही लावतात. शेजारच्या घराला वर्षभर कुलूप आहे, त्यामुळं तक्रार करायलाही कुणी नाही.

गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांनी डावीकडचा आवाज जास्त येतो म्हणून कुरकुर केली. तुमच्या कानांना वाईट आवाजाची सवय झालीय, असं ऐकवून कडुबांनी त्यांना वाटेला लावलं. तिसरा फोन उस्मानपुऱ्यातल्या अपेक्षा काळेचा आला. ती कॉलेजात शिकवते. काका, एकदा येऊन बघून जा, एवढंच ती म्हणाली. तिच्या अदबीनंच कडुबा चपापले आणि रविवारी सकाळी जाऊन धडकले.

त्यांनी दोन्ही स्पीकर आवाजाच्या एकाच आकड्यावर आणले आणि सोफ्याच्या मधोमध बसून आळीपाळीनं शूऽ आवाज सोडला. डावा स्पीकर दबका लागला. तारांची अदलाबदल केली, तरी डावाच दबका. म्हणजे भिंतीचा दोष, असं पुटपुटत ते स्टूल घेऊन टीव्हीकडं पाठ करून बसले. भिंत काही त्यांच्याबरोबर फिरणार नव्हती. पण आता उजवा स्पीकर त्यांच्या डाव्या कानाकडं आला होता, आणि आता तोच दबका वाजत होता.

कडुबांनी आवाज बंद केला. गिऱ्हाइकांना आपण काय काय बोललो ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात दुसरं माणूस असतं तर त्यानं केव्हाच सांगितलं असतं.

"ताई, घराचा दोष नाय," ते शेवटी म्हणाले. "माझा डावा कान गेला."

मग त्यांनी तिलाच सोफ्यावर बसवलं आणि दोन्हीकडचा आवाज सारखा वाटला की हात वर करायला सांगितलं. पूर्वी नवा स्पीकर घरी आणला की रत्नमालाबाई अशाच बसायच्या, हातात निवडायची मेथी घेऊन. अपेक्षानं हात वर केला तेव्हा कडुबांनी तो आकडा मुकाट्यानं कायम केला.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी टीव्ही लावला आणि पुण्याला फोन केला. एरवी फोन उजव्या कानाला असतो. आज मुद्दाम डाव्या कानाला लावला. रत्नमालाबाई बोलत होत्या, पण शब्द पोचत नव्हते. त्यांनी घाईघाईनं कान बदलला.

"आधी त्यो टीव्ही बारीक करा," त्या म्हणत होत्या. "वरीस झालं, फोनवर तुमच्यापरीस त्योच जास्त ऐकू येतो मला."

कडुबांनी टीव्ही बंदच केला. "मंग बोलली का नाय?"

"काय बोलू? म्हनलं, घर खायला उठत असंल, म्हणून लावत असाल मोठ्यानं."

कानाची गोष्ट कडुबांच्या ओठावर आली होती. ती सांगितली असती, तर दुसऱ्याच दिवशी बुद्धभूषण त्यांना न्यायला गाडी घेऊन आला असता.

"व्हय," ते म्हणाले, "त्याच्यापायीच."

ते काही अगदी खोटं नव्हतं, हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तिकडून उत्तर आलं नाही. कडुबांनी फोन उजव्या कानावर घट्ट दाबला. ती गप्प झालीय, की आपल्यालाच ऐकू येत नाही, ते त्यांना कळेना.