शुक्रवारी गिटार नाही

एझ्रा गेल्याचं मला त्याच्या मुलीने, नाओमीने, फोनवर सांगितलं. आजारी होताच, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. वाईट मात्र खूप वाटलं. दुसऱ्या दिवशी दफन झालं आणि कबरस्तानाच्या फाटकाशी नाओमी माझा हात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. पण ती चिडली होती. "मावशी, रेडिओवाल्यांना डॅडचा गाणं पाहिजे. माझ्याकडे एक पण प्रॉपर रेकॉर्डिंग नाहीये. ऑल हिज लाइफ ही सँग, अँड देअर इज नथिंग!" तिचं खरंच होतं. ब्रिस्टलच्या पबमध्ये लोकांनी फोनवर टिपलेले काही तुकडे आहेत, पण त्यात एझ्रापेक्षा ग्लासांची किणकिण आणि चिप्सची ऑर्डर ओरडून सांगणारी बाईच जास्त ऐकू येते. चाळीसएक वर्षं गाणाऱ्या माणसाचं एवढंच मागे राहावं, हे तिला सहन होत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

एझ्रा मुंबईचा बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचा. मराठी माझ्यापेक्षा चांगली, शिव्या तर फारच चांगल्या. तरुणपणी इकडे इंग्लंडला आला, ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथल्याच एका सहकाऱ्याकडून जुनी गिटार घेऊन ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, शिकला. मी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. गिटार वाजवणारा मराठी माणूस म्हणजे भावगीतं वाजवणार, असं आमच्या सेक्रेटरींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एझ्राने शाळेच्या त्या हॉलमध्ये अँप्लिफायर जोडला आणि बायको सोडून गेलेल्या, नोकरी सुटलेल्या आणि वर पावसात भिजत उभ्या राहिलेल्या एका माणसाचं दुःख खरखरीत आवाजात असं काही मांडलं, की बायकांच्या हातातले मोदक हातातच राहिले. कार्यक्रमानंतर एक वयस्कर काका म्हणाले, "आवाज भारदस्त आहे हो तुमचा, पण सणासुदीला जरा हसतंखेळतं म्हणा की." एझ्राने हात जोडले. "काका, त्यातल्या त्यात हसतंखेळतंच निवडलं होतं." त्या दिवशी आमची दोस्ती झाली ती कायमची. तो मला डॉक्टरीणबाई म्हणायचा आणि आम्ही दोघंही लोकांना झोपवायचाच धंदा करतो, असं सगळ्यांना सांगत सुटायचा.

वाजवायचा मात्र अप्रतिम. मला ब्लूज फारसं कळत नाही आणि आवडायचंही नाही, पण एझ्रा एखादा सूर खालून हळूहळू असा वर ओढत न्यायचा, की तो जागेवर पोहोचेपर्यंत आपला जीव वर-खाली व्हायचा. शनिवारी अंधार पडल्यावर कुठल्या ना कुठल्या पबमध्ये, रविवारी दुपारी गोदीजवळच्या क्लबात, मधल्या वारांना बोलावतील तिथे. शुक्रवारी नाही! शुक्रवारी सूर्य मावळला की त्याचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायचा आणि गिटार पेटीत जायची. त्याचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. "मी पण तेलीच," तो म्हणायचा, "फक्त घाणा बदललाय." बाकी तो काही फार धार्मिक नव्हता. सिनेगॉगमध्ये जायचा कंटाळा, देवाशी बेताचंच बोलणं. पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

या शुक्रवाराने त्याचं नुकसान केलं, यात वाद नाही. एका बड्या अमेरिकन गायकाच्या ब्रिटनच्या दौऱ्यात त्याच्या आधी गायला त्याला बोलावणं आलं होतं. मागून रेकॉर्डही निघणार होती. एझ्राने विचारलं, शुक्रवार सोडून जमेल का? एजंट हसला. शुक्रवार हाच तर धंद्याचा दिवस. एझ्राने नाही म्हणून सांगितलं आणि कारखान्यात कामावर गेला. मी त्याच्यावर इतकी भडकले होते, की दोन आठवडे बोलले नाही. सगळे म्हणाले, आईने अडवलं असणार. त्याची आई तेव्हा त्याच्याकडेच असायची. बायको लवकर गेली होती आणि नाओमीला आजीनेच वाढवलं. मी सरळ आईंनाच विचारलं. त्या मासे साफ करत होत्या. "मी कशाला अडवू गं? मी तर म्हटलं, जा बाबा, देव काय हजेरी घेतो का?" मग एझ्राला धरला. तो म्हणाला, "आईने अडवलं असतं तर गेलो असतो." नाओमी तेव्हा शाळेत होती. बाबा टीव्हीवर दिसणार, असं ती मैत्रिणींना सांगून बसली होती. तिने बरेच दिवस बापाशी अबोला धरला आणि मोठी झाल्यावर शुक्रवारी घरी थांबणंच सोडलं.

थांबायचे मी. एकटा जीव, हॉस्पिटलच्या कँटीनचं बेचव जेवण, आणि इकडे आईंच्या हातची नारळाच्या रसातली मासळी. आई दिवे लावायच्या, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेल्या सरबताचा पेला एझ्रा हातात घ्यायचा, हिब्रू प्रार्थना म्हणायचा, आणि जेवणं झाली की आईच्या आईकडून आलेलं एलियाहू नबीचं एक मराठी पद म्हणायचा. गिटार नाही, माइक नाही, टेबलावर बोटांचा ठेकासुद्धा नाही. चाल आईचीच, पण मधे मधे तो सूर तसाच खालून ओढत न्यायचा. आई आधी कपाळाला आठ्या घालायच्या, मग डोळे मिटायच्या. पबमध्ये तो लोकांना रिझवायला गायचा. इथे तो नुसता गायचा. एवढं चांगलं गाणं मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही, आणि मला गाण्यातलं कळत नाही हे खरं धरूनही सांगते.

शब्बाथला यंत्र चालवायचं नाही, म्हणून ते कधी टिपलं गेलं नाही. आई गेल्यानंतर एकदा मी हट्टाला पेटले आणि एका मंगळवारी टेपरेकॉर्डर घेऊन गेले. बिचारा बसला समोर, म्हणालाही. पण परीक्षेला बसल्यासारखं. स्वतःच बटण बंद करून म्हणाला, "राहू दे, डॉक्टरीणबाई. मंगळवारी येत नाही ते." टेप त्याने पुसून टाकली. दोघांसाठी चहा टाकला आणि विषय संपला.

गेल्या शुक्रवारी नाओमीने मला लंडनमध्ये, स्टॅनमोरला, तिच्या घरी बोलावलं. ट्रेनमधून उतरून पोहोचले तेव्हा अजून उजेड होता. तिने दिवे लावले. हे ती करते हे मला माहीत नव्हतं. डॅड गेल्यापासूनच सुरू केलंय, म्हणाली. सुपरमार्केटमधला द्राक्षाचा रस ओतला, आम्ही जेवलो आणि मग तिने एकदम ते पद सुरू केलं. आवाज बापाचा, थोडा पातळ. मध्यावर येऊन थांबली. "माझा आठवण इथपर्यंतच आहे, मावशी. पुढे मी कधी थांबलेच नाही ना..." माझ्याकडे बघत राहिली. "तू थांबायचीस. पुढे काय आहे?"

मी जन्मात कधी चारचौघांत गायलेले नाही. बाथरूममध्येसुद्धा नाही. नाही नाही म्हणाले, पण तिचा चेहरा बघवेना. म्हटलं. पहिली ओळ कुठल्या कुठे गेली आणि आम्ही दोघी हसलो. दुसऱ्यांदा डोळे मिटून म्हटलं, तेव्हा शब्द आपोआप येत गेले. सूर येईना. जिथे एझ्रा खालून वर यायचा तिथे माझा आवाज फाटला आणि मला रडू आलं. "नो, नो, इथे डॅड असा यायचा," म्हणत नाओमीने तो सूर खालून उचलला आणि नेऊन ठेवला, बरोब्बर जागेवर. तिचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. तिने तो उचलला, क्षणभर बघितलं आणि उलटा करून लांब सरकवला.

"परत म्हण ना, मावशी," ती म्हणाली, "सुरुवातीपासून."