लकवा पाहणारे कंपोंडरभाऊ

लकव्याच्या माणसाच्या तोंडाला नाक लावून वास घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या कुरखेड्याकडचे कंपोंडरभाऊ घ्यायचे. तंबाखू चोळलेलं बोट धोतराला पुसून तेच रोग्याच्या गालात घालायचे, लाळ-चिकटा ओढून काढायचे. शी!

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मोठा दवाखाना पार चांद्याला, मधे सगळं जंगल. त्यामुळे अंग लुळं पडलं की भाऊंना बोलावणं जायचं. श्वासासरशी गाल फडफडतो का, डोळे एकाच बाजूला अडकलेत का, हाकेला 'हूं' येते का, एवढं ते पाहायचे आणि खूण वाईट दिसली की बाहेर येऊन म्हणायचे, "सोयऱ्याइले कळवा." आठवड्यात माणूस जायचाच. पुढं पुढं बाया त्यांना पाहून दार लावायच्या. भाऊ चिडायचे, "मले काय जमदूत समजून राह्यले का बे?"

धानकापणीत माझ्या बाबांना लकवा झाला. भाऊंनी हाक मारली, बाबांनी डोळे उघडले. चमचाभर पाणी दिलं तर जोराचा ठसका लागला.

"हा माणूस जगते," भाऊ म्हणाले. "पण गिळनं बंद हाय, पाणी छातीत जाते. पाण्याचा थेंब पाजू नोका. मी दोन टाइम येऊन नाकातल्या नळीनं देतो."

"काऊन? तहानेनं मारता का त्याले?" काका खेकसले.

दोन कोस तुडवत भाऊ दोन दिवस आले. पण घरात सोयरे जमलेच. कंपोंडर येतो म्हणजे माणूस जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. भाऊ 'जगते' म्हणाले ते कुणाच्या कानातच शिरलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ यायच्या आधी काकांनी शेवटचं पाणी म्हणून लोटा आणला. "मान धर," मला म्हणाले. मी मॅट्रिक झालेला, शाळेत मास्तर. तरी धरली. बाबा गुदमरले, निळे पडले, माझ्याकडे पाहत राहिले. मग ताप चढला, छाती घरघरू लागली आणि दोन दिवसांत संपलं.

घरघर सुरू झाली तेव्हाच भाऊंनी बाबांच्या छातीला कान लावला होता. बाबा गेल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर मलाच विचारलं, "मास्तर, पाणी कोणं पाजलं?"

"कोणीच नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग जमलेल्या लोकांना म्हणाले, "मंग माहीच नजर चुकली."

दहाव्याच्या पंगतीत बोटं चाटत सोयरे हसले, "कंपोंडर चुकला!" त्यानंतर भाऊंना लकव्याच्या घरी कुणी बोलावलं नाही. तिथंही लोटे आणले गेले असतील. मी मात्र ते मरेपर्यंत त्यांना 'भाऊ, राम राम' घालत राहिलो आणि खरं कुणालाच बोललो नाही. थू माझ्या जिनगानीवर!