आवाज येतो, बाईचा

“थांब, थांब. गोळी लिहिलीस?”

“लिहिली बाई. पाठवायची तेवढी राहिलीय.”

“मग राहू दे. काय विचारलंस तिला, जसंच्या तसं सांग.”

“आवाज येतात का, विचारलं. म्हणाली, येतो की. मधेच तुटतो, परत येतो. कुणाचा, तर म्हणाली, बाईचा. सारखी प्रश्न विचारते.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं शहाणे, ती बाई म्हणजे तूच की. ती फोनचं सांगत होती.”

शिकाऊ डॉक्टर पोरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

बाई मनोविकारांच्या डॉक्टर. कोवळ्या डॉक्टरांना पडद्यावरून पेशंट तपासायला शिकवतात. आधी त्यांनाच हे पटत नव्हतं. काचेआडून कसली डॉक्टरकी, म्हणायच्या. पेशंट दारातून कसा येतो यावरून मला अर्धं कळतं. मग गुडघ्यांनी दगा दिला, आणि आडगावातली माणसंही फोनवर येऊन बसायला लागली, तशी बाईंची भाषा बदलली. आता पेशंटमागची भिंत, दोरीवरचे कपडे, पडद्याआडून डोकावणारं डोकं, सगळं त्यांना बोलतं. नवरा म्हणतो, दिवसभर टीव्हीशी गप्पा मारतेस, मग माझ्या वाट्याला काय उरणार? बाई म्हणतात, उरलंसुरलं गोड मानून घ्या. एकंदर बरं चाललंय त्यांचं.

आवाज बंद करून पडद्यावर थांबवलेली बाई ब्लाउज शिवणारी. झोप उडाली म्हणून आलेली. भास थांबवायला पोरीनं लिहिलेल्या त्या गोळीनं काहींचे हात थरथरतात, आणि हिचं पोट हातावर.

“आता तूच बोल,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या कडेला बसल्या. ‘शिकवणाऱ्या डॉक्टर शेजारी आहेत, चालेल ना,’ असं पोरीनं आवाज सुरू करून आधी विचारून घेतलं.

“ताई, मघाशी माझा प्रश्न चुकला. आसपास कुणी नसताना कुणी बोलल्यासारखं वाटतं का?”

“आसपास कुणी नसायला घरात जागा तरी हवी,” ती हसली. “नाही हो. तसलं काही नाही.”

हसता हसता तिची नजर डावीकडं गेली. बाईंनी पोरीला कोपरानं ढोसलं.

“शेजारी कोण आहे, ताई?”

“सासूबाई. फोन त्यांनीच धरलाय.”

“त्यांना म्हणावं, हात अवघडला असेल. जरा बाहेर बसा, आम्ही दोघी बोलतो.”

फोन हलला आणि शिलाई मशीनला टेकून उभा राहिला. दार लागल्याचा आवाज आला. शिवणारीनं मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. पोरीनं पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं; बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं शिवणारी म्हणाली, “आई गेली माझी. इथं कुणासमोर रडता येत नाही. म्हणतात, म्हातारी होती, चालायचंच. मग उशीत तोंड खुपसून पडते, आणि झोप कसली येतेय.”

मग ती रडली. पोरीनं रडू दिलं. नंतर आईबद्दल विचारलं. ती कशी रागवायची, काय शिकवून गेली. शिवणारी सांगत राहिली, एकदा हसलीसुद्धा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचं ठरलं, खोलीत एकटीनंच. पोरीनं गोळी पुसून टाकली.

“बाई, पाठवली असती तर?”

“पाठवली नाहीस ना. चहा पी, आणि प्रश्न सुधारून घे.”

शेजारच्या खोलीत दुसरा एक डॉक्टर पडद्यावर पेशंटऐवजी त्याच्या घरच्या छताकडं बघत बोलत होता. बाई टेबलाला रेटा देऊन उठल्या. “अरे, आधी त्यांना फोन सरळ धरायला सांग,” असं म्हणत तिकडं गेल्या.