देव पुढे, संसार मागे

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. भांडण एकतर्फी आहे हे मला कळत होतं, पण रुसलेल्या माणसाला तेवढं भान कुठलं असायला? मिशिगनमध्ये, नोव्हायला, आमची घडी छान बसली होती. माझा नवरा मंदार गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायचा, आमच्या सईला शाळेत जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि सासरे गेल्यानंतर सासूबाईही आमच्याकडे येऊन रुळल्या होत्या. मग दोन हजार सात साली गाड्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. मंदारचं अख्खं डिपार्टमेंटच बंद झालं. काही महिन्यांनी त्याला टेक्ससमध्ये, प्लेनोला, नोकरी मिळाली, तीही लगेच हजर व्हा या अटीवर. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मी मात्र मनात म्हणत होते, कृपा करायचीच होती तर आधीची नोकरी का काढून घेतली? तेव्हापासून मी देवापुढे दिवा लावायचं काम सासूबाईंवर सोपवून टाकलं. त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. त्यांचं न विचारणं मला जास्त टोचायचं.

मंदार पुढे गेला. घरातलं मोठं सामान मूव्हर्सच्या ट्रकने जाणार होतं, आम्ही तिघी विमानाने जाऊ शकलो असतो. प्रश्न उरला तो ट्रेलरचा. आदल्या उन्हाळ्यात मंदारने हौसेने एक जुना, छोटासा कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला होता. पुढच्या बाजूला दोन बाकं आणि टेबल, मधे इवलासा ओटा, मागे झोपायचे बंक, एवढाच त्याचा पसारा. आमच्या सात सीटांच्या गाडीमागे जोडला की तो निमूट चालायचा. मी त्याला धाकटी सून म्हणायचे, कारण त्याचे लाड माझ्यापेक्षा जास्त होत. नव्या नोकरीत मंदारला रजा मिळेना आणि ट्रेलर विकायला त्याचा जीव होईना. शेवटी मीच म्हटलं की मी घेऊन येते. त्या उन्हाळ्यात त्याने मला एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सगळं शिकवलं होतं. वळताना वळण मोठं घ्यायचं, आरशात बघून रिव्हर्स करायचं, जोडाचं कुलूप आणि साखळ्या तपासायच्या, टायरमधली हवा बघायची. निघायच्या आधी फोनवर त्याने ते सगळं माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. फक्त सामान कसं भरायचं ते राहिलं. ते काम नेहमी तोच करायचा, त्यामुळे त्याला सांगायचं सुचलं नाही आणि मला विचारायचं.

सामान भरलं ते सासूबाईंच्या देखरेखीखाली. त्यांची अट एकच होती. "देव ट्रकमधून जाणार नाहीत. देव म्हणजे काय फर्निचर आहे?" मग देवांना ट्रेलरमध्ये पुढची जागा मिळाली. टेबल बाकांच्या उंचीला खाली बसवून, त्यावर धुतलेलं लाल वस्त्र अंथरून, छोटा लाकडी देव्हारा माझ्या दोन जुन्या ओढण्यांनी बाकाला बांधला. प्रवासात पूजा चुकायला नको, म्हणून बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती आत मांडूनच ठेवले. देवांच्या आसपास कांदे-बटाटे, भांडी, चपला काहीही चालणार नव्हतं, म्हणून पुढचा सगळा भाग मोकळा राहिला. आणि प्लेनोला ट्रक उशिरा पोचेल, तोवर स्वयंपाक अडायला नको, म्हणून घेतलेला सगळा संसार गेला मागच्या बंकांखाली. तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या, डाळींचे डबे, तेलाचे आणि पाण्याचे कॅन, कुकर, बिडाचे तवे, खलबत्ता आणि इडलीचा दगडी ग्राइंडर. दार लावताना सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "देव पुढे, संसार मागे. असंच असायला हवं." मलाही ते पटलं. टेम्पोत जड सामान मागे रचलेलं लहानपणापासून पाहिलं होतं की.

पहिला दिवस मजेत गेला. इंडियानात मुक्काम केला तेव्हा मी मंदारला फोनवर सांगितलं की गाडी इतकी हलकी चाललीय, मागे काही आहे असं वाटतच नाही. त्यालाही बरं वाटलं. ते हलकेपण म्हणजेच दुखणं होतं हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेंट लुइस मागे पडलं आणि मिसूरीच्या टेकड्या लागल्या. दुपारची वेळ होती. एका लांब उताराला गाडीने आपसूक वेग घेतला आणि त्याच वेळी डावीकडून एक अजस्र ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलरने मागून गाडीला बाजूला ढकललं. मी स्टिअरिंग दुसरीकडे वळवलं तर त्याने तिकडून ढकललं. आरशात तो एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या. मागच्या सीटवरून सई म्हणाली, "मम्मा, व्हाय इज इट डान्सिंग?" तिच्या आवाजात अजून गंमत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी ब्रेक दाबला, तसा तो आणखी पिसाळला. आता गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर हलत होता आणि रस्त्याचा कठडा प्रत्येक हेलकाव्याला जवळ येत होता. सईची गंमत संपली, ती रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ ओढल्याचं आणि त्या हळू आवाजात स्तोत्र म्हणायला लागल्याचं मला ऐकू आलं. माझ्या मनात एवढंच होतं की या दोघींना मी मारणार आहे.

त्या क्षणी मी देवाशी बोलले. ती प्रार्थना नव्हती, हात जोडण्याइतकी सवड नव्हती आणि माझी तेवढी लायकीही नव्हती. मी चिडून म्हणाले, मला येत नाही हे, आता तू बघ. आणि खरंच माझी झुंज संपली. पाय दोन्ही पेडलांवरून आपोआप उचलला गेला. हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले, सरळ. ते डावीकडे-उजवीकडे फिरवायचं मी सोडून दिलं. ट्रेलरने आणखी काही हेलकावे दिले, मग ते लहान झाले. उतार संपून चढ लागला होता, गाडीचा वेग आपोआप मरत गेला, आणि मागची ती ओढाताण हळूहळू थांबली. मी गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

खिडकीवर टकटक झाली. बाहेर पांढऱ्या आखूड केसांच्या, उन्हाने रापलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे त्यांची गाडी आणि त्यांचाही छोटा ट्रेलर होता, दिवे लुकलुकत ठेवून तो त्यांनी आमच्या पाठीशी आडोशासारखा लावला होता. त्यांनी आधी सईकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग मला विचारलं की कुणाला लागलंय का. मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुला हे कुणी शिकवलं? माणसं ब्रेक मारतात आणि उलटतात. तू पाय काढलास आणि हात स्थिर ठेवलेस." मी म्हटलं, कुणीच नाही. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या त्या बाई एकट्याच देशभर फिरत होत्या. खरं तर त्यांना या रस्त्यावर यायचंच नव्हतं, रेडिओशी खटपट करता करता त्यांची वळायची जागा मागेच चुकली होती. मी याला काही नाव देत नाही. त्या रस्ता चुकल्या आणि आम्हाला माणूस मिळालं, एवढं खरं.

अगदी हळू चालवत, त्यांचे दिवे आरशात ठेवून, आम्ही पुढच्या वळणावरच्या एका चर्चच्या पार्किंगमध्ये पोचलो. ट्रेलरचं दार उघडलं तर देव्हारा ओढण्यांसकट एका अंगावर कलंडला होता आणि बाळकृष्ण लाल वस्त्रावर उताणा पडला होता. बाई आत पाऊल ठेवणार तोच त्यांना ते दिसलं. त्या थांबल्या, बूट काढले, आणि मग आत आल्या. त्यांनी पुढची मोकळी जागा पाहिली, मागच्या बंकांखाली वाकून पाहिलं, ग्राइंडर हलवून पाहिला आणि हसू आवरत म्हणाल्या की हे सगळं उलटं झालंय. जड वजन चाकांच्या पुढे हवं, जोडावर भार यायला हवा. तो नसला की ट्रेलर गाडीला शेपटीसारखा झुलवतो. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "ती पुढची जागा तुला रिकामी करावी लागेल."

हे सासूबाईंना मराठीत सांगायचं माझ्या जिवावर आलं. रोज आंघोळ झाल्याशिवाय देवाला न शिवणारी ही बाई. देवांच्या शेजारी कुकरसुद्धा नको म्हणणारी. देवांच्या जागी आता कांद्याची पिशवी आणि दगड बसवायचा, हे कसं सांगायचं? मी चाचरतच सांगितलं. "आई, त्या म्हणतायत की देव पुढे आणि सामान मागे ठेवलं म्हणून असं झालं." त्यांनी पडलेल्या बाळकृष्णाकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी पदर खोचला, "म्हणजे माझ्यामुळेच," एवढंच म्हणाल्या आणि चर्चच्या भिंतीजवळच्या नळावर जाऊन हातपाय धुऊन आल्या. परत आल्यावर तिन्ही देव उचलून लाल वस्त्रात गुंडाळले. "ते बसतील माझ्या मांडीवर. त्यांचं काय, त्यांना कुठेही चालतं. नियम आमचे असतात," असं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्यासुद्धा. त्या बाई, मी आणि सई, आम्ही मिळून सगळा संसार मागून पुढे आणला आणि रिकामा देव्हारा मागच्या बंकवर नेला. ग्राइंडर देव्हाऱ्याच्या जागी बसला तेव्हा गाडीची मागची बाजू किंचित खाली दबली. बाईंनी ते बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, असं हवं. मग माझ्याच गाडीत, स्टिअरिंगच्या खाली बसवलेली ट्रेलरच्या ब्रेकची छोटी दांडी दाखवली. पुन्हा हेलकावे आले तर पाय काढ, हात सरळ ठेव आणि ही हळूच दाब, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. आणि वेग, त्यांनी बजावलं, पुढची गाडी कितीही पळो, तू पळू नकोस.

नंतर त्या बऱ्याच अंतरापर्यंत आमच्या मागे राहिल्या. स्प्रिंगफील्डच्या पुढे एका फाट्याला त्यांनी दिवे लुकलुकवले आणि त्या वळून गेल्या. सगळ्या गडबडीत मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. सासूबाईंनी सईचा डबा उघडून त्यांना डिंकाचे लाडू मात्र बांधून दिले होते.

पुढच्या रस्त्यात मी खूप विचार केला. देवावर सोपवणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं मी आजवर समजत होते, आणि म्हणून सोपवणाऱ्यांवर मनातून थोडी चिडायचे. मी स्वतः मात्र प्रत्येक धक्क्याला उलटा धक्का द्यायचे. नोकरी गेली तेव्हाही तेच, दिवसरात्र कुणावर तरी चिडून जोरात स्टिअरिंग फिरवत होते. त्या उतारावर मला कळलं की हात चाकावरच ठेवायचे असतात, डोळे रस्त्यावरच, फक्त झुंज सोडून द्यायची असते. आता निघण्याआधी मी साखळ्या, टायर, जोड आणि वजन सगळं स्वतः तपासते. मग हात जोडते. त्याने मला वाचवलं की चढाने वाचवलं यावर मला वाद घालायचा नाही. चढही कुणीतरी तिथेच ठेवला होता.

प्लेनोला पोचलो तेव्हा मंदार पार्किंगमध्ये उभाच होता. सई त्याच्या गळ्यात पडली. सासूबाई गाडीतून उतरेनात. मिसूरीपासून, मधला मुक्काम सोडला तर, त्यांनी मांडीवरचे देव खाली ठेवले नव्हते, की पाय लांब केले नव्हते. दोन्ही पाय बधिर झाले होते आणि त्यांनी वाटेत एकदाही गाडी थांबव म्हटलं नव्हतं. मंदारने देव घ्यायला हात पुढे केले. त्यांनी मान हलवली आणि ते लाल गाठोडं माझ्याकडे धरलं. मी दोन दिवसांची पारोशी, घामेजलेली, पेट्रोल पंपांवरून फिरलेली. मी मागे सरले, "आई, माझी आंघोळ..." म्हटलं.

"तुझ्याच हातात दे म्हणतायत ते," त्या म्हणाल्या. "घे."

मी घेतलं. पितळ त्यांच्या मांडीच्या उबेने कोमट झालं होतं. मी ते छातीशी धरून त्या पार्किंगमध्ये उभी राहिले आणि पोटभर रडले.