छर्ऱ्याचा वेग आणि तीन सेंटिमीटर

माझे सासरे चौसष्टाव्या वर्षी नेमबाज झाले. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांनी घरातले सगळे स्विच काढून पुन्हा बसवले. ते संपल्यावर एक दिवस अकोल्यातल्या एका जुन्या कापूस-जिनिंगच्या गोदामात भरणाऱ्या एअर रायफल क्लबात नाव नोंदवून आले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बागेत फिराले गेले असते तं लोकायले धोका नसता."

नेम काही लागेना. त्याचा दोष सासऱ्यांनी छर्ऱ्यांना दिला. छर्ऱ्यांच्या डब्यावर 'बॅलिस्टिक कोइफिशंट' नावाचा आकडा छापलेला असतो. छर्रा हवेतून किती सहज जातो, ते त्यावरून कळतं. आकडा मोठा असला की वाटेत वेग कमी घटतो. तो आकडा खोटा आहे अशी सासऱ्यांची खात्री पटली आणि त्यांनी मला अमरावतीला फोन केला, कारण मी कॉलेजात फिजिक्स शिकवते.

"डब्यावर शून्य पॉइंट शून्य एकवीस लिवलं हाय. लिवलं म्हणून खरं होते का? तू ये, आपण मोजू."

रविवारी सकाळी मी बडनेऱ्याहून गाडी धरली.

मोजायची रीत सोपी होती. वेग मोजणारं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ, दोन डोळ्यांची एक लांबट पेटी. पहिल्या डोळ्यावरून दुसऱ्यावर जायला छर्ऱ्याला किती वेळ लागला, त्यावरून ती वेग दाखवते. एक पेटी नळीपाशी ठेवायची, दुसरी नऊ मीटर पुढे. वेग किती घटला त्यावरून तो आकडा काढायचा.

एक पेटी सासऱ्यांची होती. दुसरी त्यांच्या क्लबातल्या मित्राची. हे मित्र दर्यापूरचे, निवृत्त भूकरमापक, उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. रायफली दोघांच्या एकाच बनावटीच्या, छर्रेही तेच, पण मित्रांची रायफल अकोल्यात सगळ्यात वेगवान समजली जायची. "एकशे सत्त्याऐंशी मीटर सेकंदाले," असं त्यांनी मला हातात चहा येण्याआधीच सांगितलं.

सासऱ्यांनी पहिला छर्रा सोडला. जवळची पेटी म्हणाली, एकशे सत्तर. लांबची म्हणाली, एकशे शहात्तर.

मी पुन्हा सोडायला सांगितलं. पुन्हा तेच. दहा वेळा तेच.

"मंजे वाटेत वेग वाढून राहिला?" सासऱ्यांनी विचारलं.

"पेट्रोल पंप लागत असन मधात," मित्र म्हणाले.

मी वहीत गणित मांडलं. कोइफिशंट उणे आला. उणे म्हणजे हवा छर्ऱ्याला अडवत नाही, मागून ढकलते. वीस वर्षं शिकवून मी अशा जागी पोचले होते, आणि दोन म्हातारे माझ्याकडे आशेनं बघत होते.

शेवटी मी दोन्ही पेट्या नळीपाशीच एकामागे एक ठेवल्या. आता दोघींचा आकडा जवळजवळ सारखा यायला हवा. सासऱ्यांची पेटी, एकशे सत्तर. मित्रांची, एकशे सत्त्याऐंशी.

"भाऊ, ही पेटी कधी उघडली होती का?" मी विचारलं.

मित्र जरा घुटमळले. "खाली पडली होती, मॅडम. मधातून तुटली. मी हेक्सॉनं तुटक्या कडा कापून साफ केल्या आन् बिजागरी लावली. पक्की बसली हाय."

मी पट्टी लावली. दोन डोळ्यांत तीस सेंटिमीटर असायला हवेत, तिथे सत्तावीस होते. छर्रा कमी अंतर कमी वेळात जायचा आणि पेटीला वाटायचं, पूर्ण तीस गेला.

मग सासरे खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. "दर्यापूर तालुक्यातल्या समद्या जमिनी पुन्हा मोजा लागतीन, बाप्पा!"

मित्र हसले नाहीत. पट्टी त्यांनी स्वतः पुन्हा लावून पाहिली, दोनदा. "मंजे माही रायफल बी एकशे सत्तरच?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान डोलावली. मला फार वाईट वाटलं.

मग सासऱ्यांचीच पेटी दोन्ही जागी आलटून पालटून ठेवून मोजलं. जवळ एकशे सत्तर, लांब एकशे अठ्ठावन्न. आकडा आला शून्य पॉइंट शून्य सतराच्या आसपास.

"सांग्तलं होतं ना!" सासरे उठून उभे राहिले. "डबा खोटा निघाला!"

"पण बाबा, दहा मीटरवरच्या टार्गेटपर्यंत एवढ्यानं छर्रा फार तर पाव मिलिमीटर जास्त खाली जाईल," मी म्हणाले. "तुमचे छर्रे कुठं जातात?"

त्यांनी कागद आणून दाखवला. मधलं टिंब कोरं होतं. सगळी भोकं दोन बोटं डावीकडे.

"बाबा, यानं छर्रा खाली जातो. डावीकडे नाही जात."

आता हसायची पाळी मित्रांची होती आणि त्यांनी ती पुरेपूर वसूल केली. हसून झाल्यावर मात्र ते गंभीर झाले. "तुमी नेम धरताना मान वाकडी करता. मी कितीकदा पाह्यलं. डोळा दाखवा."

तेच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत महिनाभर सासऱ्यांनी हार न मानता नेम उजवीकडे सरकवणारा स्क्रू रोज थोडा थोडा फिरवत ठेवला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि त्याच संध्याकाळी मला फोन आला.

"टिंब एकदम साफ दिसते," ते म्हणाले. "पण आता समदे उजवीकडे जाऊन राहिले. काहून?"